वडिलांच्या चित्रांच्या प्रती काढताना: ऑफसेट, जिक्ले, फोटो पेपर की स्क्रीन?

सांगलीहून एका ताईंनी विचारलंय. त्यांचे वडील शाळेत ड्रॉइंगचे शिक्षक होते. त्यांच्या मागे जलरंगातली बरीच निसर्गचित्रं आहेत, बहुतेक पावसाळ्यातल्या घाटांची. शिवाय चार-पाच तैलचित्रं आणि देवळांची काळ्या शाईतली रेखाटनं. भावंडांना आणि वडिलांच्या जवळच्या मित्रांना चांगल्या प्रती द्यायच्या आहेत, आणि शाळेला मदत म्हणून शुभेच्छापत्रांचा संच छापून विकायचा आहे. तीन ठिकाणी चौकशी केली तर एकाने ऑफसेट सुचवलं, दुसऱ्याने कॅनव्हासवर जिक्ले, तिसऱ्याने फोटो पेपर. दरांत जमीन-अस्मानाचं अंतर. घरात आजीच्या वेळची लक्ष्मीची तसबीर आहे, ती रवि वर्मा प्रेसची खरी आहे का तेही त्यांना कळायला हवं आहे.

ताई, आधी थेट उत्तर देतो. भिंतीवर लावायच्या जलरंगांच्या प्रती पिगमेंट शाईच्या इंकजेटवर, सुती कागदावर काढून घ्या. हेच जिक्ले. कॅनव्हास जलरंगांसाठी नको. शुभेच्छापत्रं ऑफसेटवर छापा, आणि शे-दोनशे संचांच्या पुढे जायचं नसेल तर चांगल्या डिजिटल प्रेसवर. रेखाटनांसाठी स्क्रीन प्रिंटिंगचा जरूर विचार करा. या सगळ्याच्या आधी चित्रांचं छायाचित्रण नीट व्हायला हवं, कारण तिथे जे हरवतं ते पुढचं कुठलंच यंत्र परत आणू शकत नाही. आता कारणं.

छपाईच्या बहुतेक पद्धतींपुढे अडचण एकच असते. यंत्राकडे मोजक्या शाया असतात आणि शाई कागदावर एकतर पडते, नाहीतर पडत नाही. तुमच्या वडिलांनी ढग रंगवताना कुंचल्यात पाणी वाढवलं आणि करडा रंग फिकट झाला. छापखान्यातल्या शाईत असं जागोजागी पाणी घालता येत नाही. मग फिकट करडा आणायचा कसा? शाईचे ठिपके इतके बारीक करायचे की मधला कोरा कागद आणि ठिपका डोळ्याला एकत्र दिसावा. ठिपके कोण पाडतं, केवढे पाडतं आणि कशावर पाडतं, यावर पद्धतींमधला सगळा फरक उभा आहे. हे एकदा लक्षात आलं की दुकानदार कुठलंही नाव सांगो, काय विचारायचं ते तुम्हाला सुचेल.

तुमच्या तसबिरीपासूनच सुरुवात करू, कारण ठिपके तिथे सर्वांत छान दिसतात. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत गिरगावला छापखाना काढला. तिथे छापलेलं पहिलं चित्र शकुंतलाजन्माचं. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर त्यांच्याकडच्याच फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. तिथली पद्धत शिळाछापाची. आलोइस झेनेफेल्डरने १७९६ च्या सुमारास बव्हेरियात शोधलेली. विशिष्ट चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग छपाईची शाई फिरवायची. ओल्या जागी शाई धरत नाही, तेलकट रेघेवर धरते. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, कधी डझनाहूनही जास्त दगड. तैलचित्र समोर ठेवून कोणत्या रंगाचा ठिपका कुठे आणि किती दाट हवा हे कारागीर नजरेने ठरवायचा आणि दगडावर हाताने उतरवायचा. छापून झाल्यावर वर वॉर्निश, काही वेळा कॅनव्हासचा पोत दाबून उठवलेला, म्हणजे लांबून तैलचित्र वाटावं. याला ओलिओग्राफ म्हणतात. महाराष्ट्रात देवादिकांच्या रंगीत तसबिरी याच्याही आधीपासून छापल्या जात होत्या. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा निघाली ती १८७८ ला. तेव्हा तुमची तसबीर चित्रशाळेचीही असू शकेल. खालच्या कडेला छापखान्याचं नाव असतं, ते आधी वाचा.

नाव सापडलं तरी तेवढ्यावर थांबू नका. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळवाले वापरतात तसलं चालेल. लक्ष्मीच्या गालाच्या किंवा हनुवटीखालच्या सावलीवर ते काचेवरूनच टेकवा. शिळाछाप असेल तर ठिपके हाताने टाकलेले दिसतात. कुठे दाट, कुठे विरळ, आकार लहान-मोठे, सरळ रांगा कुठेच नाहीत. एक फिकट गुलाबी थर, त्यावर विटकरी ठिपके, सावलीकडे निळसर करडे आणि पुन्हा एखादा तपकिरी. रंग चारांहून अधिक मोजता येतात. चित्राच्या कडेला एखादा रंग बाकीच्यांच्या केसभर बाहेर आलेला दिसतो, कारण दरवेळी कागद नव्या दगडावर बसवताना तेवढा फरक पडायचाच. याउलट ठिपके ठरावीक अंतरावर, फक्त निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा असे चारच, आणि एकत्र येऊन सगळीकडे त्याच गोल नक्षीत बसलेले दिसले, तर ती अलीकडची ऑफसेट प्रत आहे. जुन्या ओलिओग्राफचा फोटो काढून छापलेली.

मग खालच्या नावाच्या अक्षरांवर भिंग न्या. जुन्या छपाईत अक्षर एकाच शाईचं, भरीव असतं. फोटोवरून छापलेल्या प्रतीत अक्षरही ठिपक्यांनीच बनलेलं असतं, कारण यंत्राच्या लेखी ते अक्षर नसून चित्राचाच एक तुकडा असतो. बाजारात जुन्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ तसबिरी याच कसोटीवर उघड्या पडतात. आणखी एक गोष्ट. श्लायशरच्या ताब्यात गेल्यावरही छापखाना त्याच नावाने पुढे कितीतरी वर्षं चालला, धुरंधरांसारख्या इतर चित्रकारांची कामंही तिथे छापली गेली. त्यामुळे छापखान्याचं नाव खरं असलं तरी चित्र रविवर्म्यांचं आणि त्यांच्या हयातीतलं असेलच असं नाही. तसबीर काचेला चिकटली असेल तर कृपा करून ओढून काढू नका. दमट हवेत वॉर्निश मऊ होऊन काचेला धरतं आणि ओढलं की रंगाचा थरच निघून येतो. ते काम कागदाचं जतन करणाऱ्या माणसाकडेच द्यावं.

आता ऑफसेट. तत्त्व शिळाछापाचंच, दगडाऐवजी ॲल्युमिनियमची प्लेट. प्लेटवरची शाई रबराच्या ब्लँकेटवर उतरते आणि ब्लँकेटवरून कागदावर. ठिपके पाडणारा कारागीर गेला, संगणक आला. चांगल्या आर्ट पेपरवर इंचाला १७५ ओळींचा स्क्रीन, म्हणजे एका इंचात ठिपक्यांच्या १७५ ओळी, सर्रास वापरतात, हातभर अंतरावरून ठिपके दिसत नाहीत. ऑफसेटचा खर्च सुरुवातीलाच होतो: प्लेटा, यंत्रावर रंग जुळवणं, त्यात वाया जाणारा कागद. पहिली प्रत महाग आणि हजारावी जवळजवळ कागदाच्या किमतीत. म्हणून शुभेच्छापत्रांना ही पद्धत चपखल बसते. एका मोठ्या शीटवर आठ-दहा वेगवेगळी चित्रं लावून सगळी एकदम छापून घ्या. ३०० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचं, मॅट आर्ट कार्ड घ्या, चकचकीत लॅमिनेशन करू देऊ नका. जलरंगाला ते शोभत नाही आणि कार्डावर पेनाने धड लिहिताही येत नाही.

पण ऑफसेटची प्रत फ्रेम करून भिंतीवर लावायला मी सुचवणार नाही. पहिलं कारण टिकाऊपणाचं. नेहमीच्या चाररंगी शायांमध्ये पिवळी आणि किरमिजी उजेडाला कच्च्या, निळी आणि काळी पक्क्या. हॉटेलात किंवा सलूनमध्ये उन्हाच्या बाजूला वर्षानुवर्षं लटकलेलं कॅलेंडर आठवा. त्यावरचा देव निळसर होऊन गेलेला असतो. दुसरं कारण रंगांच्या आवाक्याचं. चार शायांच्या मिश्रणातून भडक नारिंगी, शेंदरी, पोपटी हिरवा आणि अल्ट्रामरीनसारखा गर्द निळा नीट निघत नाहीत, मातकट होतात. वडिलांच्या एखाद्या चित्रात वारकऱ्यांची पताका असेल तर तिचा भगवा कार्डावर थोडा विटलेलाच दिसणार. छपाई करणाऱ्याशी त्यावर भांडून उपयोग नाही, पद्धतीची मर्यादा आहे ती. फारच अडलं तर भगव्यासाठी पाचवी खास शाई घेता येते, पण दहा कार्डांच्या संचासाठी तो खर्च परवडणारा नाही.

डिजिटल प्रेस म्हणजे टोनरवर किंवा द्रव शाईवर चालणारं मोठं यंत्र. त्याला प्लेट लागत नाही, त्यामुळे पन्नास प्रतीही परवडतात. कार्डांसाठी उत्तम. मात्र याच यंत्रावर जाड कागदावर काढलेली प्रत काही ठिकाणी 'आर्ट प्रिंट' म्हणून जिक्लेच्या भावाने विकली जाते, तेवढं सांभाळा.

जिक्लेबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तुमचा बराचसा पैसा तिकडेच जाणार आहे. १९९० च्या सुमारास अमेरिकेत गायक ग्रॅहम नॅश यांनी छापखान्यातलं प्रूफ, म्हणजे पक्क्या छपाईआधीची नमुना प्रत, काढायचं आयरिस ३०४७ नावाचं इंकजेट यंत्र छायाचित्रं आणि चित्रं छापायला वापरायला घेतलं. त्यांच्या नॅश एडिशन्स या छापखान्यातच काम करणाऱ्या जॅक दुगान यांनी १९९१ मध्ये अशा छपाईला जिक्ले हे नाव दिलं. ते यंत्र आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्या काळच्या शाया पाण्यात विरघळणाऱ्या रंगांच्या, डाय म्हणतात तशा होत्या. प्रती देखण्या निघायच्या पण लवकर उडायच्या. साधारण २००० नंतर पिगमेंट शाया आल्या, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगद्रव्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवलेले, आणि तेव्हापासून ही पद्धत कलाकृतींच्या प्रतींसाठी खऱ्या अर्थाने भरवशाची झाली. आजच्या चांगल्या यंत्रात आठ ते बारा शाया असतात. काळ्याच्या जोडीला एक-दोन करड्या, काही यंत्रांत नारिंगी, हिरवी, जांभळीसुद्धा. थेंब काही पिकोलिटरचा, म्हणजे लिटरच्या काही अब्जांश भागाच्याही हजाराव्या हिश्शाएवढा. ठिपके विखुरलेले पडतात, त्यांची नक्षी बनत नाही. ऑफसेटला न जमलेला भगवा इथे बऱ्यापैकी जमतो, आणि करड्या शायांमुळे पावसाळी आभाळाच्या एकातून एकात विरघळत जाणाऱ्या छटा तुटत नाहीत. तुमच्या चित्रांसाठी ही पद्धत सांगतोय त्याचं मुख्य कारण हेच.

मात्र जिक्ले या नावावर कुणाचंही नियंत्रण नाही. कुठल्याही इंकजेटवर काढलेल्या प्रतीला कुणीही जिक्ले म्हणू शकतो, आणि म्हणतात. फ्लेक्स छापणाऱ्या इको-सॉल्व्हंट यंत्रावर कॅनव्हासचा रोल चढवला की 'कॅनव्हास जिक्ले' तयार. दुकानाच्या पाटीसाठी ती शाई उत्तम, पण जलरंगाचा नाजूकपणा तिला पेलत नाही. म्हणून दुकानात नाव विचारू नका, यंत्राचं मॉडेल विचारा, शाई पिगमेंटची आणि कंपनीचीच आहे का ते विचारा. यंत्र महागाचं आणि शाई भरून घेतलेली स्वस्तातली, असंही चालतं. अशा वेळी टिकाऊपणाचे कंपनीचे सगळे आकडे निरर्थक ठरतात. कागदाचं नाव आणि जीएसएम बिलावर लिहून मागा. ज्याला हे प्रश्न ऐकून आनंद होतो त्याच्याकडे काम द्या. ज्याला राग येतो त्याच्याकडे नको.

कागद सुती हवा, शंभर टक्के कॉटन, आम्लविरहित, ३०० जीएसएमच्या आसपास. हानेम्यूले, कॅन्सन या युरोपातल्या जुन्या गिरण्यांचे असे कागद आपल्याकडेही मिळतात. हानेम्यूलेचा फोटो रॅग ३०८ जीएसएमचा, पृष्ठभाग मऊ, जवळजवळ सपाट. वडील खरखरीत हँडमेड कागदावर रंगवत असतील तर थोडा पोत असलेला कागद घ्या, पण बेतानेच. मूळ चित्रातल्या कागदाचा पोत फोटोत आलेलाच असतो. प्रतीच्या कागदाला त्याचा वेगळा पोत असला की दोन पोत एकमेकांवर चढतात आणि आभाळ विनाकारण मळकट दिसतं.

कागदाचा पांढरेपणा ही आणखी एक फसवी गोष्ट. फार शुभ्र कागदात बहुधा चमक वाढवणारी रसायनं असतात. ती काही वर्षांनी मरतात आणि कागद पिवळट पडतो. नोटा तपासायची अतिनील टॉर्च नमुन्यावर मारा. कागद निळसर पांढरा उजळला तर रसायन आहे, मंद राहिला तर नाही. तुमच्या वडिलांच्या जुन्या ड्रॉइंग पेपरची साय आलेल्या दुधासारखी छटा जिवंत ठेवायची असेल तर रसायनविरहित, नैसर्गिक पांढरा कागदच जवळचा पडतो.

तैलचित्रांची गोष्ट निराळी. तिथे गडद सावल्या महत्त्वाच्या, आणि मॅट सुती कागदावर काळा कधीच पुरता काळा होत नाही. पृष्ठभाग उजेड विखुरतो, त्यामुळे काळा कोळशासारखा मऊ दिसतो. जलरंगाला ते चालतं, तैलरंगाला मारक ठरतं. म्हणून तैलचित्रांसाठी बरायटा जातीचा मंद चकाकी असलेला कागद किंवा वॉर्निश केलेला कॅनव्हास घ्या. कॅनव्हास घेतला तर चौकटीवर ताणण्याआधी वॉर्निश पूर्ण वाळू द्यायला सांगा आणि कडांवर नखाने हलकं खरवडून पाहा. हलक्या कामात घडीवरची शाई तडकते आणि खालचा पांढरा दिसू लागतो.

फोटो पेपर म्हणजे लॅबमधला, रसायनांत धुऊन निघणारा सिल्व्हर हॅलाइडचा कागद. त्यावर खरेखुरे सलग टोन येतात, ठिपका नसतोच, आणि छायाचित्रांसाठी तो फार सुंदर आहे. पण त्याच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा थर असतो. पाण्याने आणि कुंचल्याने झालेलं चित्र त्यावर बघताना मला तरी ते काचेआड ठेवल्यासारखं परकं वाटतं. लग्नाच्या अल्बमात घालायला घ्या, भिंतीसाठी नको.

स्क्रीन प्रिंटिंगला मात्र कमी लेखू नका. लग्नपत्रिका छापणारी पद्धत म्हणून आपण ती ओळखतो, पण ती अतिशय प्रामाणिक पद्धत आहे. ताणलेल्या जाळीवर चित्राचा स्टेन्सिल तयार करायचा आणि रबराच्या पट्टीने शाई दाबून खाली उतरवायची. शाईचा थर इतर कुठल्याही पद्धतीहून जाड बसतो. बोट फिरवलं तर कळतो. देवळांची काळ्या शाईतली रेखाटनं या पद्धतीने सुती कागदावर छापली तर रेघेला जे वजन येतं ते इंकजेटला येत नाही. एकच रंग असल्याने एकच स्क्रीन, खर्चही आवाक्यात. सोनेरी शाई हवी असेल तरीही स्क्रीनच, कारण इंकजेटचा सोनेरी म्हणजे शेवटी पिवळा आणि तपकिरीच. जलरंगाच्या पाणीदार छटा मात्र स्क्रीनवर आणायला जाऊ नका.

एका पद्धतीचा उल्लेख करतो, ती तुम्हाला इथे मिळणार नसली तरी. कोलोटाइप. काचेवर प्रकाशाने घट्ट होणाऱ्या जिलेटिनचा थर देऊन त्यावरून छापतात. जिलेटिनला पडलेल्या सूक्ष्म सुरकुत्याच शाई कमी-जास्त धरतात, त्यामुळे छटा जवळजवळ सलग उतरतात. एकोणिसाव्या शतकातली पद्धत, पण जपानमधल्या क्योतोच्या बेन्रिदो या छापखान्याने ती आजही चालू ठेवली आहे. याच बेन्रिदोने १९३५ मध्ये होर्यूजी मंदिरातल्या भित्तिचित्रांची मूळ मापात, भागाभागाने छायाचित्रं घेतली होती. १९४९ च्या आगीत ती चित्रं जळाली आणि मागे उरलेल्या त्या छायाचित्रांच्या काचेच्या निगेटिव्हचं मोल कळलं.

आपल्याकडे अजिंठ्याच्या बाबतीत उलटं घडलं. मूळ चित्रं लेण्यांत राहिली आणि प्रती जळाल्या. रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं खपून केलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून पुन्हा नकला केल्या, त्यातल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्येच साउथ केन्सिंग्टनला जळाल्या. ग्रिफिथ्स यांचे अजिंठ्यावरचे दोन खंड १८९६-९७ मध्ये छापून निघाले, म्हणून ते काम ग्रंथालयांत पोचलं. तेव्हा ताई, छपाईआधी तयार होणाऱ्या मूळ फाइल्स एका ठिकाणी ठेवू नका. एक संच तुमच्याकडे, एक भावाकडे, एक शाळेला.

त्या फाइल्स कशा तयार व्हाव्यात ते आता सांगतो. मोबाइलने नाही, हे आधीच सांगतो. मोबाइल स्वतःच्या मनाने रंग भडक करतो आणि कडा धारदार करतो, जलरंगात नेमकं तेच नको. चित्र फ्रेममधून बाहेर काढा, काच बाजूला करा. कॅमेरा चित्राला काटेकोर समांतर. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून सारख्या ताकदीचे, एकाच जातीचे दिवे. चौकटीत २४ रंगांचं कलर चेकर कार्ड ठेवून एक फोटो, त्यावरून रंगांचा हिशेब लावता येतो. फाइल रॉ हवी, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःहून काही फेरफार न केलेली. मापाचा अंदाज असा: ए-२ मापाची, म्हणजे ४२ बाय ५९.४ सेंटिमीटरची प्रत इंचाला ३०० पिक्सेलने काढायची तर ४९६१ बाय ७०१६ पिक्सेल लागतात, सुमारे ३५ मेगापिक्सेल. ए-४ च्या आतली सपाट चित्रं चांगल्या फ्लॅटबेड स्कॅनरवरही होतात, पण पाण्याने कागद लहरलेला असेल तर स्कॅनरचा एका बाजूचा उजेड प्रत्येक लाट दाखवतो. तैलचित्रांवर चमक येते. ती घालवायला दिव्यांवर आणि लेन्सवर एकमेकांना काटकोनात पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेचा उजेड जाऊ देणाऱ्या फिल्टरच्या काचा, लावतात. चमक पार नाहीशी झाली तर रंगाचा उठाव सपाट दिसतो, म्हणून चांगला छायाचित्रकार थोडी चमक मुद्दाम राहू देतो.

दोन चुका हटकून होतात. पहिली, फोटो थोडा जास्त उजळ काढला जातो आणि सर्वांत फिकट वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा हात, कोऱ्या कागदात मिसळून जातो. डोंगरामागचा धुक्यातला तिसरा डोंगर असा नाहीसा होतो. दुसरी कोबाल्ट निळ्याची. हा रंग डोळ्याला जेमतेम जाणवणारा गडद तांबडा उजेडही बराच परावर्तित करतो आणि कॅमेऱ्याला तो जाणवतो, त्यामुळे निळं आभाळ जांभळट येतं. कार्डावरून हिशेब लावूनही ते पूर्ण जात नाही, मूळ चित्र शेजारी ठेवून हातानेच सुधारावं लागतं. म्हणून फाइल सुधारणाऱ्यासमोर मूळ चित्र असलंच पाहिजे. फक्त ईमेलने फोटो पाठवून काम करून घेण्यात अर्थ नाही.

आता प्रूफ. पूर्ण प्रत काढण्याआधी आठ-दहा इंचांची पट्टी मूळ मापातच मागा. जिथे आभाळ, धुकं आणि समोरचं झाड तिन्ही येतात अशी जागा निवडा. पट्टी मूळ चित्रावर टेकवा आणि तीन गोष्टी बघा. फिकट वॉशची कड कागदापासून वेगळी ओळखू येते का. करडा खरोखर करडा आहे, की हिरव्या-गुलाबीकडे झुकतोय. आणि झाडाच्या गर्द हिरव्यात पानांचे पुंजके वेगळे दिसतात की सगळा एकच काळा ठोकळा झालाय. हे सकाळी उत्तरेच्या खिडकीशी बघा आणि मग रात्री चित्र जिथे लावणार त्या खोलीतल्या दिव्याखाली पुन्हा बघा. काही शाया एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फटकतात. प्रूफला वेगळे पैसे मागितले तर आनंदाने द्या.

टिकण्याबद्दल. चांगली पिगमेंट शाई आणि सुती कागद यांना चाचण्यांत शंभर वर्षांपलीकडचे आकडे मिळतात, पण ते आकडे अटींसकट वाचावेत. हेन्री विल्हेल्म यांच्या संस्थेच्या प्रसिद्ध चाचण्यांत ४५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) इतका उजेड रोज १२ तास आणि ६० टक्के आर्द्रता धरलेली असते. सांगलीत एक वेळ ठीक, पण कोकणातल्या नातेवाइकांकडे पावसाळ्यात हवा कितीतरी जास्त दमट असते आणि तिथे शाईआधी कागदालाच बुरशी लागते. त्यामुळे फ्रेमवाल्याला नीट बजावून सांगा. प्रत काचेला टेकता कामा नये, मध्ये आम्लविरहित माउंट बोर्ड हवा. मागे कच्चा हार्डबोर्ड थेट नको. प्रत गमाने पूर्ण चिकटवू नये, वरच्या कडेला कागदी बिजागऱ्यांवर लटकती ठेवावी. फ्रेम बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीवर न लावता आतल्या भिंतीवर लावावी.

हक्कांचंही बघून ठेवा. भारतात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो आणि तो वारसांकडे जातो. म्हणजे तुम्हा सगळ्या भावंडांकडे आणि आई असल्यास तिच्याकडेही. कार्डं विकण्याआधी सर्वांची लेखी संमती घ्या, शाळेसाठी असली तरी. वडिलांनी विकून टाकलेल्या चित्रांचा कॉपीराइट लिहून दिला नसेल तर तोही तुमच्याकडेच आहे. मात्र कुणी पैसे देऊन मुद्दाम काढून घेतलेलं चित्र असेल, तर वेगळा करार नसल्यास त्याचा हक्क काढून घेणाऱ्याचा असतो. ती चित्रं बाजूला ठेवा.

प्रतींवर वडिलांची सही कुणी पेन्सिलने करू नये. चित्रातली सही छापून येईलच. मागच्या बाजूला छापील चिठ्ठी लावा: चित्राचं नाव, मूळ माध्यम आणि माप, ही प्रत कोणत्या शाईने, कोणत्या कागदावर, कोणत्या वर्षी काढली, आणि कुटुंबाचा शिक्का. ५० पैकी ५ असे आकडे टाकायचे असतील तर एक्कावन्नावी प्रत निघणार नाही याची जबाबदारी घ्या, नाहीतर आकडे टाकूच नका. आणि प्रतीला प्रतच म्हणा. कलाकाराने स्वतः दगडावर, लाकडावर किंवा धातूवर काम करून काढलेलं मुद्राचित्र ही स्वतंत्र कलाकृती असते. जिक्ले कितीही सुंदर निघाला तरी तो त्या मुद्राचित्राच्या मांडीला मांडी लावून बसत नाही.

सगळी चित्रं एकदम करायला जाऊ नका. एक पावसाळी जलरंग, एक तैलचित्र आणि एक रेखाटन अशी तीन निवडा. त्यांचं छायाचित्रण नीट करून घ्या, जलरंगाच्या पट्ट्या दोन वेगवेगळ्या सुती कागदांवर काढून घ्या आणि मूळ चित्रांसोबत घरातल्या सगळ्यांना दाखवा. कागद ठरला की बाकीच्यांचं छायाचित्रण त्याच माणसाकडून, त्याच दिव्यांखाली, शक्यतो सलग करून घ्या. त्या पट्ट्यांचे आणि तसबिरीच्या भिंगाखालच्या भागाचे फोटो पाठवलेत तर बघून सांगेन.